घराखाली गॅस, दारात आयआरएस!

अमेरिकेत घर घेतलं की कधीकधी त्याखालचा गॅससुद्धा आपला होतो. मग येतो रॉयल्टीचा चेक, आणि चेकच्या मागोमाग टॅक्सचा फॉर्म. ऑनसाइट गेलेल्या, जाऊ पाहणाऱ्या आणि परतीचं तिकीट काढणाऱ्या सगळ्यांसाठी...

रविवारची रात्र, साडेनऊ. मी उद्याच्या डेडलाइनकडे पाठ करून पिझ्झाची वाट बघत होते आणि फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पलीकडे माझी कॉलेजची मैत्रीण, अमेरिकेतल्या टेक्सासमधून. तिकडे सकाळचे अकरा वाजले होते आणि बाईसाहेबांचा चेहरा बारा वाजल्यासारखा!

"अगं, मला आयआरएसची नोटीस आलीय."

आयआरएस म्हणजे तिकडचे इन्कम टॅक्सवाले. ही मुलगी म्हणजे आमच्या ग्रुपमधली सगळ्यात सरळमार्गी. बसचं तिकीट हरवलं तर कंडक्टरला स्वतःहून सांगणारी. तिला नोटीस? कशाबद्दल?

"गॅसबद्दल," ती म्हणाली. मला वाटलं, सिलेंडरची काही भानगड आहे. पण तिने फोन फिरवून खिडकीबाहेरचं अंगण दाखवलं. हिरवळ, एक झाड, पोरांची सायकल. "हे बघ. या खालचा गॅस."

तिचं घर आर्लिंग्टनमध्ये. डॅलस आणि फोर्ट वर्थ या दोन शहरांच्या मधलं गाव. डॅलसच्या आसपास आपली आयटीवाली मंडळी भरपूर. वीकेंडला मराठी मंडळाचा गणपती, सोमवारी ऑफिस. या भागाच्या पश्चिमेला, जमिनीखाली दोन-अडीच किलोमीटरवर बार्नेट शेल नावाचा खडकाचा थर पसरलाय आणि त्यात नैसर्गिक वायू अडकलेला आहे. २००० नंतरच्या दशकात हा गॅस काढायची नवी तंत्रं इथे जमली आणि बघता बघता शाळा, चर्च, मॉलच्या शेजारी विहिरी खोदल्या गेल्या. माझ्या मैत्रिणीने सेकंडहँड घर घेतलं, तेव्हा आधीच्या मालकाने घरासोबत खालच्या खनिजाचे हक्कही तिच्या नावावर करून दिले होते. सह्या करताना तिने ते पान वाचलंच नव्हतं. आपण तरी कुठे वाचतो!

जमीन तुझी, गॅस कुणाचा?

आपल्याकडे ही गोष्ट कुणाला सांगितली तर थाप वाटेल. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर समुद्रात बॉम्बे हायचं तेल १९७४ मध्ये सापडलं, १९७६ पासून निघायला लागलं. त्याची रॉयल्टी जाते केंद्र सरकारकडे. जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी जाते त्या त्या राज्याच्या तिजोरीत. राजस्थानात बाडमेरला एखाद्याच्या शेतात तेलविहीर खोदली, तर शेतकऱ्याला जमिनीचा मोबदला मिळतो; तेलातला हिस्सा नाही.

अमेरिकेचा फंडा वेगळा. तिथे खासगी जमिनीच्या मालकाकडे जमिनीखालच्या खनिजाचीही मालकी असू शकते. वर ही मालकी दोन तुकड्यांत विकता येते. वरची जमीन एकाची, खालचं खनिज दुसऱ्याचं. म्हणून टेक्सासमध्ये घर घेणाऱ्या प्रत्येकाला लॉटरी लागत नाही. नव्या कॉलन्यांमध्ये बरेच बिल्डर घर विकतात आणि खनिज हक्क गुपचूप स्वतःकडे ठेवतात.

हक्क तुमच्याकडे असतील तर तेल कंपनी तुमच्याशी लीज करते. सही करताना एकरकमी मिळतो तो 'बोनस'. नंतर विहीर चालू झाली की उत्पादनातला ठरलेला हिस्सा मिळतो, ती 'रॉयल्टी'. जुनी पद्धत एक अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्के. शहरी भागातल्या लीजमध्ये वीस-पंचवीस टक्केही दिसते. खोदाईचा एक पैसाही खर्च आपला नाही. विहीर कोरडी निघाली तर नुकसान कंपनीचं.

ऐकायला झक्कास! मग आपली मैत्रीण अजून नोकरी का करते?

डेसिमलचा डाव

कारण हिस्स्याचा हिशोब. कंपनी आजूबाजूची जमीन एकत्र करून एक 'युनिट' बनवते. समजा, युनिट ३२० एकरांचं आहे आणि तुमचा प्लॉट पाव एकराचा. रॉयल्टी २५ टक्के. तर पाव भागिले ३२०, गुणिले ०.२५. उत्तर येतं ०.०००१९५३. हाच तुमचा 'डेसिमल', म्हणजे युनिटमधल्या प्रत्येक डॉलरमागे तुमचा वाटा. युनिटमधल्या सगळ्या विहिरींनी मिळून महिन्याला दोन लाख डॉलरचा गॅस दिला, तर तुमच्या वाट्याला येतात ३९ डॉलर आणि ६ सेंट. त्यातून राज्याचा कर कापून हातात उरतात ३६.

टेक्सासमध्ये एवढ्या छोट्या रकमा कंपनी महिन्याच्या महिन्याला पाठवायला बांधील नाही. शंभर डॉलर साठेपर्यंत अडवून ठेवू शकते. म्हणून मैत्रिणीला तीन महिन्यांनी एकदा शंभर-एकशे आठ डॉलरचा चेक यायचा. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते हेच. ती त्या पैशांतून डोसा खाऊन यायची. तिच्या लेखी ते उत्पन्न नव्हतंच. कॅशबॅकसारखं काहीतरी.

आयआरएसच्या लेखी मात्र ते उत्पन्न होतं.

जानेवारीचा पाहुणा

दरवर्षी जानेवारीच्या अखेरीपर्यंत कंपनी रॉयल्टी मालकांना एक फॉर्म पाठवते. नाव १०९९-मिसलेनियस. आपल्याकडच्या फॉर्म १६-ए चा लांबचा मावसभाऊ समजा, फक्त यात बहुतेक वेळा टॅक्स कापलेला नसतो. फॉर्मचा बॉक्स २ रॉयल्टीसाठी. वर्षाला दहा डॉलर किंवा जास्त रॉयल्टी दिली असेल तरी कंपनीला हा फॉर्म भरावा लागतो. दहा डॉलर! आणि त्याची एक कॉपी थेट आयआरएसकडे जाते.

मैत्रिणीने तो कागद जाहिरातींच्या गठ्ठ्यासोबत केराच्या टोपलीत टाकला. सॉफ्टवेअर उघडून पगाराचं रिटर्न भरलं आणि विषय संपवला. वर्ष उलटल्यावर आयआरएसच्या कॉम्प्युटरने दोन कागद शेजारी ठेवले. कंपनी म्हणते ४६८ डॉलर ७५ सेंट दिले; रिटर्नमध्ये शून्य. झालं, नोटीस तयार! या नोटिशीचं नाव सीपी २०००. हा गुन्ह्याचा आरोप नाही. 'आमच्याकडची आकडेवारी तुमच्याशी जुळत नाही, एवढा टॅक्स निघतो असं आम्हाला वाटतं, पटत असेल तर भरा, नसेल तर कागद दाखवा' एवढंच ती सांगते. उत्तराला साधारण महिनाभर मिळतो.

पण एच-१ बी व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला सरकारी लिफाफा आला की पोटात गोळा येतोच. "भीक नको पण कुत्रा आवर असं झालंय गं," ती म्हणाली. "हा गॅसच नको मला."

गंमत पुढेच होती. नोटिशीत तिच्याकडे मागितलेला टॅक्स खऱ्या टॅक्सपेक्षा जास्त होता.

ग्रॉस लिहा, मग वजा करा

इथेच बहुतेकांची गल्लत होते. १०९९ वर जो आकडा असतो तो 'ग्रॉस', म्हणजे राज्याचा कर कापण्याआधीचा. हातात आलेला चेक 'नेट' असतो. माणूस साहजिकच बँकेत जमा झालेली रक्कम रिटर्नमध्ये लिहितो. आकडे जुळत नाहीत आणि नोटीस येते. दुसरा माणूस १०९९ चा आकडा उतरवतो आणि थांबतो. त्याला नोटीस येत नाही, पण हातात न आलेल्या पैशांवरही तो टॅक्स भरतो.

बरोबर पद्धत अशी: रिटर्नसोबत 'शेड्यूल ई' नावाचं परिशिष्ट असतं. भाड्याचं उत्पन्न जिथे दाखवतात तेच. मालमत्तेच्या प्रकारात ६ नंबर, म्हणजे रॉयल्टी. ओळ ४ वर ग्रॉस रक्कम, १०९९ वर असेल तीच. मग खाली वजाबाकी.

ओळ १६ वर टॅक्स. टेक्सास गॅसवर ७.५ टक्के आणि कच्च्या तेलावर ४.६ टक्के उत्पादन कर घेतं. त्याला 'सेव्हरन्स टॅक्स' म्हणतात. तो चेकमधून आधीच कापलेला असतो, पण रिटर्नमध्ये दाखवायचं काम तुमचं. चालू विहिरीतल्या हिश्श्यावर काउंटी जो प्रॉपर्टी टॅक्स लावते, तोही इथेच.

ओळ १९ वर इतर खर्च. गॅस विहिरीतून बाहेर आल्यावर तो गोळा करणं, दाबणं, स्वच्छ करणं, पाइपलाइनने नेणं याचा खर्च अनेक कंपन्या रॉयल्टीतून कापतात.

हा सगळा तपशील असतो कुठे? चेकसोबत येणाऱ्या स्टबवर. एकूण उत्पादन, भाव, तुमचा डेसिमल, ग्रॉस, कर, कपात, नेट. बारीक अक्षरांतला तो कंटाळवाणा कागद म्हणजे तुमची पावती. फेकू नका!

आटणाऱ्या विहिरीची सूट

आता सगळ्यात इंटरेस्टिंग भाग. शेड्यूल ई ची ओळ १८. इथे बसते एक अशी वजावट, जिच्यासाठी तुम्ही खिशातून काहीच खर्च केलेला नसतो. नाव 'डिप्लीशन'. मराठीत सांगायचं तर, आटणं.

कल्पना करा, तुमच्याकडे फ्लॅट आहे आणि तो भाड्याने दिलाय. वर्षाअखेर भाडंही मिळालं आणि फ्लॅटही जागेवर आहे. गॅसचं तसं नाही. जो गॅस विकला तो गेला. म्हणजे रॉयल्टीचा प्रत्येक चेक हा अर्धा भाडं आणि अर्धा विक्री असतो. तुम्ही तुमची मालमत्ताच चमच्याचमच्याने विकत असता. मग सगळ्या रकमेला उत्पन्न कसं म्हणायचं? म्हणून कायदा सांगतो, आटलेल्या साठ्यापोटी काही भाग वजा करा.

तो मोजायच्या दोन रीती. पहिली 'कॉस्ट डिप्लीशन'. तुम्ही खनिज हक्क २०,००० डॉलरला विकत घेतले, तुमच्या वाट्याचा साठा १,००० बॅरल आहे आणि यंदा त्यातले १०० बॅरल विकले गेले. दहावा हिस्सा आटला, म्हणून २,००० डॉलर वजा. घराबरोबर हक्क फुकटात आले असतील, तर या रीतीने हाती फारसं लागत नाही.

दुसरी 'पर्सेंटेज डिप्लीशन'. सरळ ग्रॉसच्या १५ टक्के. किंमत किती मोजली, साठा किती उरला, काही विचारायचं नाही. दोन्हींपैकी जी रक्कम मोठी ती घ्यायची. आणि कमाल म्हणजे, तुमची मूळ किंमत पूर्ण वसूल झाली तरी १५ टक्क्यांची सूट चालूच राहते. जोवर विहीर, तोवर सूट.

या सूटीला शंभर वर्षांचं राजकारण आहे. १९२६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने हा दर २७.५ टक्के ठेवला. तेलवाल्या टेक्सासच्या खासदारांनी तो पुढची चार दशकं डोळ्यात तेल घालून जपला. १९६९ मध्ये तो २२ टक्क्यांवर आला. तेलसंकटानंतर, १९७५ मध्ये बड्या एकात्मिक तेल कंपन्यांची ही सूट काढून घेतली गेली. छोटे उत्पादक आणि रॉयल्टी मालक मात्र वाचले, आणि टप्प्याटप्प्याने दर १९८४ पर्यंत १५ टक्क्यांवर स्थिरावला. म्हणजे आर्लिंग्टनच्या अंगणात सायकल चालवणाऱ्या पोरांच्या आईला जी सूट मिळते, ती जगातल्या सगळ्यात मोठ्या तेल कंपन्यांना मिळत नाही. आहे की नाही मजा?

अटी आहेत. डिप्लीशन त्या मालमत्तेच्या निव्वळ उत्पन्नापेक्षा जास्त नको आणि तुमच्या एकूण करपात्र उत्पन्नाच्या ६५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. दिवसाला १,००० बॅरलची मर्यादा आहे. ती ज्याला आडवी येते त्याला हा लेख वाचायची गरज नाही. आणि हे १५ टक्के विहिरीच्या तोंडाशी असलेल्या किमतीवर मोजायचे असतात. वाहतूक, प्रक्रियेची मोठी कपात असेल तर तेवढं सीपीएला, म्हणजे तिकडच्या सीएला, दाखवून घ्या.

चौकट: दहा हजारांचा हिशोब

समजा, वर्षाची ग्रॉस रॉयल्टी १०,००० डॉलर. सेव्हरन्स टॅक्स ७५०. चेक मिळाले ९,२५० चे. काउंटीचा प्रॉपर्टी टॅक्स २५०. तुम्ही २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये.

तऱ्हा पहिली, घाबरट: फक्त ग्रॉस लिहिलं, वजाबाकी नाही. टॅक्स २,२०० डॉलर.

तऱ्हा दुसरी, भाबडी: चेकचे ९,२५० लिहिले. टॅक्स २,०३५ डॉलर, वर नोटिशीला आमंत्रण.

तऱ्हा तिसरी, बरोबर: ग्रॉस १०,०००. वजा टॅक्स १,०००. वजा डिप्लीशन १,५००. उरले ७,५००. टॅक्स १,६५० डॉलर.

पहिल्या आणि तिसऱ्या तऱ्हेत फरक ५५० डॉलरचा. दरवर्षी.

बोनसची नशा

बार्नेटची धूम २००८ च्या उन्हाळ्यात टिपेला पोचली होती. फोर्ट वर्थ परिसरात एकराला वीस-पंचवीस हजार डॉलर बोनस मिळत होता. त्याच उन्हाळ्यात गॅसचा घाऊक भाव बारा डॉलरच्या वर गेला होता. २००९ मध्ये वर्षाची सरासरी चारच्या खाली आली. ज्यांनी त्या भावावर स्वप्नं बांधली, त्यांचे चेक बघता बघता रोडावले.

टॅक्सच्या दृष्टीने बोनस हा रॉयल्टीचा सख्खा भाऊ नाही. तो बहुधा १०९९ च्या बॉक्स १ मध्ये, भाड्याच्या रकान्यात येतो. शेड्यूल ई वरच दाखवायचा, पण त्यावर १५ टक्क्यांची सूट मिळत नाही. शिवाय सगळी रक्कम त्याच वर्षाच्या उत्पन्नात. जूनमध्ये बोनस मिळाला, ऑगस्टमध्ये गाडी आली, आणि पुढच्या १५ एप्रिलला कळलं की पावभर रक्कम आयआरएसची होती! रॉयल्टीतून पगारासारखा टॅक्स कापला जात नाही. म्हणून रक्कम मोठी असेल तर तिमाही ॲडव्हान्स टॅक्स भरा, नाहीतर ऑफिसात पगारातली कपात वाढवून घ्या.

लीजचे शब्दही वाचा. कपातीवरून टेक्सासमध्ये घरमालक आणि कंपन्यांत किती खटले झाले त्याला गणती नाही. २०१५ मध्ये हायडर कुटुंब विरुद्ध चेसापीक हा वाद टेक्सासच्या सुप्रीम कोर्टात गेला. हिस्सा 'खर्चमुक्त' असेल, असं करारात लिहिलं होतं. नऊपैकी पाच न्यायाधीश कुटुंबाच्या बाजूने उभे राहिले. एका शब्दाची किंमत!

शेजारच्या राज्यातली विहीर

टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, म्हणून तिथली मंडळी निवांत. पण कुणी गुंतवणूक म्हणून ओक्लाहोमा किंवा नॉर्थ डकोटामधले खनिज हक्क विकत घेतले, तर विहीर ज्या राज्यात, त्या राज्याचा टॅक्स लागतो. तुम्ही तिथे कधी पाऊलही टाकलं नसलं तरी! तिथलं वेगळं नॉन-रेसिडेंट रिटर्न भरावं लागू शकतं.

नवरा-बायको दोघं आयटीत असतील तर आणखी एक. जोडप्याचं उत्पन्न अडीच लाख डॉलरच्या (एकट्याचं दोन लाखांच्या) वर गेलं, की रॉयल्टीसारख्या उत्पन्नावर ३.८ टक्के जादा टॅक्स लागू होतो. दिलासा एवढाच की नुसत्या रॉयल्टीवर स्वयंरोजगाराचा टॅक्स लागत नाही. तो लागतो खोदाईच्या खर्चात भागीदारी घेणाऱ्यांना. 'वर्किंग इंटरेस्ट' म्हणून कुणी स्कीम गळ्यात मारत असेल तर सावध! तिथे नफ्यासोबत खर्चही तुमचा आणि टॅक्सचा फॉर्मही वेगळा.

परत यायचं म्हटलं तर?

नोटिशीचं उत्तर आम्ही दोघींनी मिळून तयार केलं. म्हणजे तिने केलं, मी फोनवर जागी राहिले. ग्रॉस ४६८.७५, वजा सेव्हरन्स ३५.१६, वजा डिप्लीशन ७०.३१. करपात्र ३६३.२८. नोटिशीत ग्रॉसवर १०३ डॉलर मागितले होते, कारण कॉम्प्युटरला फक्त १०९९ दिसतो. तुमची वजाबाकी तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कशी कळणार? खरा टॅक्स निघाला ८० डॉलर, अधिक थोडं व्याज. तेवीस डॉलरसाठी दोघींची झोप गेली. पण तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, त्याची किंमत डॉलरमध्ये कशी करणार?

मग तिने खरा प्रश्न विचारला. "आम्ही दोन वर्षांत परत यायचं म्हणतोय. आईचं वय होतंय. तेव्हा या गॅसचं काय करायचं?"

टेक्सासमध्ये घर विकताना खनिज हक्क स्वतःकडे राखून ठेवता येतात. घर गेलं तरी गॅस तुमचा. पण देश सोडून तुम्ही टॅक्सच्या भाषेत 'नॉन-रेसिडेंट' झालात की गणित उलटतं. कंपनी थेट ग्रॉसवर ३० टक्के कापते. वजावट नाही, डिप्लीशन नाही. तिच्या ४६८ डॉलरवर १४१ डॉलर गायब.

यावर तोड आहे. अमेरिकन कायद्यात कलम ८७१(डी) खाली 'हे उत्पन्न निव्वळ रकमेवर मोजा' असा पर्याय निवडता येतो. कंपनीला डब्ल्यू-८ ईसीआय हा फॉर्म द्यायचा, वर्षाअखेर १०४०-एनआर रिटर्न भरायचं. मग सगळी वजाबाकी परत लागू होते. तिचं दुसरं काही उत्पन्न तिकडे नसेल तर त्याच ३६३ डॉलरवर १० टक्के दराने टॅक्स येईल ३६ डॉलर. १४१ आणि ३६! निवड एकदा केली की पुढच्या वर्षांनाही लागू राहते, म्हणून विचार करून करा.

इथे एक सापळा आहे. भारत-अमेरिका करारात 'रॉयल्टी'साठी सवलतीचा दर आहे, असं इंटरनेटवर दिसतं. तो दर आहे पुस्तकाच्या, पेटंटच्या, ट्रेडमार्कच्या रॉयल्टीला. जमिनीतल्या गॅसची रॉयल्टी करारात स्थावर मालमत्तेच्या उत्पन्नात मोडते. शब्द एकच, खानदान वेगळं.

आणि भारतात? परदेशातून आल्यावर बऱ्याच जणांना सुरुवातीची दोन-तीन वर्षं परदेशी उत्पन्नावर इथे टॅक्स लागत नाही. नंतर जगभरातलं उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, तिकडे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं. परदेशातली मालमत्ता रिटर्नमध्ये जाहीर करणं तर सक्तीचं आहे. त्यात चूक झाली तर दंड गॅसच्या कित्येक वर्षांच्या चेकपेक्षा मोठा.

चौकट: फ्रिजवर लावा!

१. घराच्या कागदपत्रांत 'मिनरल्स' शब्द शोधा. हक्क तुमचे की बिल्डरचे?

२. जानेवारीत आलेला प्रत्येक १०९९ जपा. दहा डॉलरचा असला तरी.

३. चेकची रक्कम नाही, ग्रॉस लिहा. मग टॅक्स, खर्च, डिप्लीशन वजा करा.

४. सॉफ्टवेअरने डिप्लीशन विचारलं नाही तर तुम्ही शोधा. रॉयल्टीला १५ टक्के, बोनसला नाही.

५. पत्ता बदलला की गॅस कंपनीला कळवा. देश बदललात तर आधी सीपीएला गाठा.

परवा तिचा फोन आला. नवा चेक आला होता, गेल्या खेपेपेक्षा सहा डॉलर कमी. विहीर जुनी होतेय. मी विचारलं, मग हक्क ठेवणार की घराबरोबर देऊन टाकणार?

"ठेवणार," ती म्हणाली. "वर्षाला तीन-चारशे डॉलरसाठी नाही गं. रिटर्न भरायला सीपीए त्यातले अर्धे घेईल. पण आम्ही सात वर्षं राहिलो त्या अंगणात. पोरं तिथे चालायला शिकली. त्या घराचं काहीतरी आपल्याकडे येत राहावं, आटेपर्यंत."

मी गप्प. मग तिनेच हसून ॲड केलं, "आणि काळजी करू नकोस. स्टब या वेळी फाइलमध्ये लावलाय!"